गौरीचा फेस

नीलम्माच्या नातीच्या गळ्यात लिंग बांधलं, त्या साली दोन श्रावण आले होते. आदल्या साली लंपीनं तळेवाडीतली अकरा जनावरं नेली होती, आणि माणसं अजून गोठ्यात शिरली की आधी जनावराच्या अंगावरून हात फिरवून गाठ लागते का बघत होती. पोर चैतात झाली. पाळण्याच्या दिवशी तिचे आईकडचे आजोबा बसवंतअप्पा उदगीरच्या पलीकडून टेम्पोत एक गाभण गाय घालून घेऊन आले. देवणी गाय, पांढऱ्या अंगावर काळे डाग सांडल्यासारखे. नाव चंद्री.

नीलम्मानं गाईच्या पायावर पाणी घातलं, कपाळाला हळद-कुंकू लावलं आणि व्याह्याला म्हणाली, "आमच्या गोठ्यात काय दूध न्हाई व्हय अप्पा?"

"हाय की अक्का. पर तुमची गौरी देवाची. ही लेकराची," बसवंतअप्पा म्हणाले आणि हसले. त्यांचे पुढचे दोन दात पडले होते. हसताना ते तोंडावर पंच्याचं टोक धरायचे.

गौरी देवाची, यात खोटं काही नव्हतं. नीलम्माची आजेसासू लग्न होऊन आली तेव्हा मठातून एक कालवड मिळाली होती. तिच्याच वंशातली ही गौरी. म्हातारी झाली होती, सात वेतं झालेली. पण घरात तिचा मान होता. पहाटे आधी गौरीची धार काढायची, तिचं धारोष्ण दूध पितळी वाटीत घेऊन नीलम्माच्या नवऱ्याच्या, संगप्पांच्या पुढं ठेवायचं. संगप्पा डाव्या तळहातावर लिंग घेऊन बसलेले असायचे. त्यांची पूजा झाल्याशिवाय दुसऱ्या जनावराच्या कासेला हात लागायचा नाही. सासूनं नीलम्माला शिकवलेली आणखी एक गोष्ट होती. नवी गाय व्याली की तिच्या चारी सडांना गौरीच्या दुधाचा फेस लावायचा. मठाच्या गाईचा फेस लागला की नव्या गाईला पान्हा फुटतो आणि ती घराला धरून राहते. सासूनं गौरीच्या आईचा फेस लावला होता, तिच्या सासूनं आजीचा.

धोंड्याच्या महिन्यात चंद्री व्याली. कालवड झाली. नीलम्माची सून वर्षाराणी आपल्या गाईला कुणाचा हात लागू द्यायची नाही. आई लहानपणीच गेलेली, बापानं वाढवलेली पोर. बसवंतअप्पांनीच तिला धार काढायला शिकवलं होतं. ती बसायची तीसुद्धा बापासारखी, चरवी गुडघ्यात धरून, कपाळ गाईच्या कुशीला टेकवून. नीलम्मा फेसाची वाटी घेऊन आली तेव्हा ती म्हणाली, "असू द्या आत्या. तिला पान्हा हाय."

"रीत हाय बाई."

"दुसऱ्या गाईचं दूध हिच्या सडाला लावायचं नसतं म्हणत्यात अप्पा."

नीलम्मा वाटी घेऊन परत फिरली.  दिवसभर भाकरी थापताना परातीचा आवाज जास्त येत होता.

दुसरा श्रावण तोंडावर आला आणि पावसानं पाठ फिरवली. सोयाबीनला फुलं लागली होती, ती उन्हानं गळायला लागली. त्याच दिवसांत गौरीचं दूध तापवलं की फाटायला लागलं. डेअरीवरच्या महांतेशनं दोनदा तिची बरणी बाजूला काढली. "मावशी, ह्या दुधात कायतरी हाय. डॉक्टरला दाखवा," तो म्हणाला. लाईनीत उभी असलेली माणसं ऐकत होती. नीलम्मानं पदर सारखा केला आणि बरणी उचलून घरी आणली.

त्या गुरुवारी लाळ-खुरकुताची लस द्यायला देवणीहून डॉक्टरीणबाई आल्या होत्या. अंबिका त्यांचं नाव, वर्षाराणीच्याच वयाच्या. संगप्पा शेतात होते. मुलगा पंचाक्षरी देवणीला दुकानावर कामाला गेलेला. वर्षाराणी आत पोरीला न्हाऊ घालत होती. गोठ्यात नीलम्मा आणि डॉक्टरीणबाई दोघीच.

बाईंनी चार खळग्यांची एक प्लास्टिकची थाळी काढली. गौरीच्या एकेका सडाची धार एकेका खळग्यात घेतली, वरून जांभळं औषध ओतलं आणि थाळी गोल गोल फिरवली. तीन खळग्यांत दूध पातळच राहिलं. चौथ्यात, मागच्या डाव्या सडाच्या, ते आळून आलं. साबुदाण्याची खीर गार झाल्यावर होते तसं.

"दगडी आहे," बाई म्हणाल्या. "वरून कास दिसायला बरी आहे, पण आत रोग आहे. बरेच दिवसांचा असेल. गाठी पडत होत्या का?"

"पडत व्हत्या. बारक्या. मी फडक्यानं गाळून घेत व्हते."

"त्या गाठी कशाच्या असतात माहितीय का, मावशी? जंतू आत शिरला की रक्तातल्या पांढऱ्या पेशी धावून येतात. गाईच्या अंगातले शिपाई म्हणा. जंतूला खातात आणि तिथंच मरतात. त्या मेलेल्या पेशींच्या गाठी होतात. हे दूध आळलं ते त्यांच्यामुळंच."

नीलम्मानं थाळीत बघितलं. "म्हंजी ह्या लढून मेलेल्या?"

"हो. ही म्हातारी आहे, पण हिचं अंग लढतंय. रोग तिनं एका सडात दाबून धरलाय. पण हिच्यापासून दुसरीला होऊ शकतो." बाईंनी चंद्रीकडं बघितलं. "ही किती दिवसांची ओली?"

"पंधरा-सोळा."

"मग जपा. नुकत्या व्यालेल्या गाईच्या अंगात ताकद कमी असते. तिच्या पेशी लवकर धावून येत नाहीत. आधी हिची धार काढा, गौरीची सगळ्यात शेवटी. मध्ये हात साबणानं धुवा. कास पुसायचं फडकं दोघींना वेगळं. गौरीचं दूध पाच दिवस वापरायचं नाही, या ट्यूबा सडात सोडायच्या. कळलं ना?"

"हाव," नीलम्मा म्हणाली.

तिला सगळं कळलं होतं. ट्यूबा तिनं रोज संध्याकाळी सोडल्या. पण पहाट झाली की आतून संगप्पांचा घसा खाकरण्याचा आवाज यायचा. वाटीची वाट बघत बसलेले. त्यांना काय सांगायचं? गौरीला रोग आहे म्हणून? मग ते विचारणार, कधीपासून. आणि महिनाभर आपण फडक्यानं गाळून लिंगाला कसलं दूध दाखवलं, ते सांगावं लागणार. पाच दिवस जाऊ देत, गौरी बरी होईल, मग सांगायलाच नको, असं तिनं मनाशी ठरवलं. पहिल्यासारखी ती आधी गौरीखालीच बसली. आजारी सड आधी पिळून मोकळा करायची, मग त्याच हातानं बाकीच्या तिघांचं दूध वाटीत घ्यायची.

वर्षाराणीला तिनं सांगितलं नाही. वर्षाराणी आपली चंद्री वेगळीच पिळायची, वेगळं फडकं, वेगळं पाणी. त्यामुळं नीलम्माला वाटलं, सांगायची गरज नाही.

रविवारी पंचाक्षरी बायकोला पंचमीसाठी माहेरी सोडायला निघाला. पोरगी झाल्यावरची पहिली पंचमी. वर्षाराणी मोटारसायकलवर बसता बसता उतरली, गोठ्यात जाऊन चंद्रीच्या गळ्याखाली खाजवून आली.

"आत्या, तिचा पुढचा उजवा सड जराक बारीक हाय. हळू धरा."

"आमी काय आजच धारा काढायला लागलो व्हय ग? जा. बाप वाट बघत आसंल."

सोमवारी पंचमी. त्या दिवशी काही चिरायचं नाही, तवा ठेवायचा नाही. दिंडं उकडायची. नीलम्मा पहाटे उठली. गौरीची धार काढली. वाटीत फेस वर आला होता, पांढरा, बोटभर. चंद्री मान वळवून बघत होती. वर्षाराणी नाही म्हणून ती पान्हा चोरत होती. कालवडीनं दोन ढुशा दिल्या तरी सोडेना. नीलम्मा तिच्याखाली बसली, दोनदा सड ओढले, गाईनं लाथ झाडली.

तेव्हा तिला फेस आठवला.

डॉक्टरीणबाई आठवल्या नाहीत असं नाही. आठवल्या. पण त्या परवा आलेल्या, आणि रीत सासूच्या सासूपासूनची. शिवाय सण. शिवाय वाटीतलं दूध तीन चांगल्या सडांचं. आणि खरं सांगायचं तर, सुनेनं वाटी परत पाठवली होती ते तिच्या मनातून गेलं नव्हतं. तिनं चार बोटांवर फेस घेतला आणि चंद्रीच्या चारी सडांना, बोंडापासून वर, हळूच लावला. "आता घरची झालीस बाई," म्हणाली. अंगठा त्याच दुधात बुडवला आणि धार काढायला लागली. चंद्रीनं पान्हा सोडला. चरवी भरली. नीलम्माला बरं वाटलं. मंगळवारी आणि बुधवारी पहाटेही तिनं तसंच केलं.

बुधवारी दुपारी वर्षाराणी आली. संध्याकाळी तिनं धार काढली. पोरगी आत रडत होती, म्हणून घाईनं काढली. माहेरी भरलेल्या नव्या बांगड्या हातात वाजत होत्या. फोन आला, तो तिनं खांद्यानं कानाला धरला. संगप्पा ओट्यावरून बघत होते.

गुरुवारी सकाळी चंद्रीनं वैरणीला तोंड लावलं नाही. मागचा उजवा सड सुजून कणसाएवढा झाला होता, आणि कासेचा तो भाग दगडासारखा. अंगाला हात लावला तर भट्टी, आणि तो सड मात्र गार. वर्षाराणीनं एक धार काढून बघितली. पातळ, लालसर पाणी आलं.

डॉक्टरीणबाई दुपारी आल्या. त्यांनी थाळी काढली, औषध ओतलं, फिरवली. आळलं नाही. नीलम्मा मागून बघत होती.

"गाठी न्हाईत," नीलम्मा म्हणाली. आवाजात थोडी आशा होती.

"असत्या तर बरं झालं असतं मावशी," बाई म्हणाल्या. "गाठी म्हणजे अंग लढतंय. हिच्या पेशी वेळेवर आल्याच नाहीत. जंतूला रान मोकळं मिळालं. सड गार पडलाय, काळा पडायला लागलाय. विष रक्तात गेलंय." त्यांनी शिरेतून बाटली लावली, दोन इंजेक्शनं दिली. मग दोघींकडं बघून विचारलं, "गौरीची धार शेवटीच काढत होता ना?"

वर्षाराणीनं सासूकडं बघितलं. तिला यातलं काही माहीतच नव्हतं.

"हाव," नीलम्मा म्हणाली. "शेवटीच."

ओट्यावरून संगप्पा म्हणाले, "गौरीचं काय काढता? काल सांजंला बघितलं न्हाई का मी. बांगड्या मनगटभर, फोन कानाला. गाय पिळत व्हती का टीव्ही बघत व्हती? हात तरी धुतले व्हते का?"

वर्षाराणी गाईच्या गळ्याला धरून उभी होती. "धुतले व्हते मामा," ती म्हणाली. मग थोड्या वेळानं, "लेकरू रडत व्हतं. आठवत न्हाई."

नीलम्मा सलाईनची बाटली धरून उभी होती. हात भरून आला तरी तिनं तो खाली केला नाही.

शुक्रवारी सकाळच्या बसनं बसवंतअप्पा आले. कुणी बोलावलं नव्हतं, लेकीनं फोनवर नुसतं सांगितलं होतं. चप्पल दाराशी काढून थेट गोठ्यात गेले. चंद्री बसली होती, मान कुशीकडं टाकून. त्यांनी तिचा कान हातात धरून बघितला. गार होता. पापणी उलटून बघितली. मग कासेखाली हात घातला आणि काढून घेतला, आणि तो हात बराच वेळ पंच्याला पुसत राहिले.

संगप्पांनी झालेलं सगळं सांगितलं. फोनसुद्धा, बांगड्यासुद्धा. वर्षाराणी चुलीपाशी पाठ करून बसली होती.

बसवंतअप्पा ओट्यावर आले आणि नीलम्मासमोर उभे राहिले. दोन्ही हात जोडले.

"अक्का, लेकीचं चुकलं. पर तिला बोलू नका. आई न्हाई तिला. पिळायला मीच शिकविलं. घाई करू नको म्हणून मीच शिकवायला पायजे व्हतं. आमचंच चुकलं."

"अप्पा, बसा," नीलम्मा म्हणाली.

"देताना लई बोललो मी. ही लेकराची गाय म्हणून. माझ्या हातानं दिली आन् माझ्याच शिकवणीनं..." त्यांनी पंच्याचं टोक तोंडावर धरलं. या वेळी हसत नव्हते.

नीलम्मा त्याच वेळी बोलली असती तर बोलणं सोपं होतं. तोंडाशी आलेलं होतं. अप्पा, ती न्हाई, मी. एवढंच. पण संगप्पा तिथंच बसले होते, गळ्यातल्या लिंगावर हात ठेवून. तिनं चहा टाकला. घरात दूध गौरीचंच होतं. बसवंतअप्पांनी बशीत ओतून सगळा चहा प्यायला, कप उपडा घातला आणि म्हणाले, "गोड हाय अक्का गौरीचं दूध. तिला जपा."

शनिवारी उजाडता उजाडता चंद्री गेली. जेसीबीवाल्यानं बांधाला खड्डा केला. बसवंतअप्पांनी स्वतः चुना आणि मीठ टाकलं. कालवड ओरडत होती, वर्षाराणी तिला बाटलीनं पाजत होती.

त्यानंतरच्या सोमवारी पहाटे संगप्पा पूजेला बसले. वाटी आली नाही. त्यांनी दोनदा घसा खाकरला. नीलम्मा दारात आली.

"आता दूध न्हाई आणायचं मी."

"कामून?"

"गौरीला दगडी हाय. डॉक्टरीणबाईनं सांगितलं, हिला शेवटी पिळा, हिचं दूध वापरू नका."

"कवा सांगितलं?"

"पंचमीच्या आधी. गुरुवारी."

संगप्पांनी तळहातावरच्या लिंगाकडं बघितलं.  मग तांब्यातलं पाणी घातलं, भस्म लावलं, पूजा पुरी केली.  त्या दिवसापासून ते सुनेला स्वतः "बाई" म्हणून हाक मारायला लागले, आणि तिच्यासमोर मान वर करून बसेनात.

वर्षाराणीला नीलम्मानं पोळ्याच्या आदल्या दिवशी सांगितलं. दोघी हौदावर बैलांच्या झुली धूत होत्या. नीलम्मानं सगळं सांगितलं. गुरुवारचं, फडक्याचं, पंचमीच्या पहाटेच्या फेसाचं. बोलताना ती झूल पिळत होती, पाणी संपलं तरी पिळत होती.

वर्षाराणीनं तिच्या हातातून झूल घेतली. दगडावर आपटली, एकदा, दोनदा.

"मला वाटलंच व्हतं आत्या. सडाला वाळलेलं दूध व्हतं, मी आले त्या सांजंला. बोंडापासून वर. मी धुऊन काढलं."

"मंग बोलली का न्हाईस?"

"कुणाला बोलू? मामाला? घरात ऱ्हायचं हाय मला." तिनं झूल दोरीवर टाकली. "मला सांगून काय व्हतंय. मला ठाव हाय मी काय केलं न्हाई. अप्पाला सांगा. अप्पा हात जोडून गेलेत."

"सांगते. मी सोता जाऊन सांगते."

"फोन लावू का आता?"

"फोनवर नको. असलं फोनवर बोलतात का?"

मग सोयाबीन काढायला आलं. निम्म्या शेंगा पोचट, पण काढायचं तर होतंच. मजूर मिळेनात. नीलम्मा आणि वर्षाराणी दोघी शेजारी शेजारी काढत होत्या, आणि सरीच्या टोकाला पोचल्या की वर्षाराणी तिच्याकडं एकदा बघायची. नीलम्मा म्हणायची, "एवढी रास झाली की जाते." रास झाली. मग दिवाळी आली. दिवाळीत वर्षाराणी माहेरी जाणार, तेव्हा सोबत जाऊ, असं ठरलं. पण बसवंतअप्पाच म्हणाले, यंदा येऊ नका, घराला पत्रे टाकून राहिलोय, बसायला जागा नाही. नीलम्माला आतून सुटल्यासारखं वाटलं, आणि तसं वाटलं म्हणून त्या रात्री तिनं ताट तसंच सारून ठेवलं.

दिवाळी झाल्यावर एकदा वर्षाराणीनं न विचारता फोन लावला आणि सासूच्या कानाला धरला. "बोला," म्हणाली. पलीकडून बसवंतअप्पांचा आवाज आला, "कोण, अक्का? बरं हाय का? कालवड कशी हाय?"

"बरी हाय. वैरण खायला लागली."

"सड बघत जा तिचे. आन् वर्षाला म्हणावं, हात धुतल्याबिगर... आता तिला कळलंच आसंल म्हणा. मी हितं रोज माझेच हात बघतो अक्का. चाळीस वर्सं पिळलं मी. चुकीचं पिळलं का काय."

 समोर वर्षाराणी उभी होती, पोरीला कडेवर घेऊन.

"ज्वारी पेरली का अप्पा?" नीलम्मानं विचारलं.

"पेरली की. वल कमी हाय. विहिरीचं पाणी द्यावं लागंल."

"बरं," ती म्हणाली, आणि फोन परत दिला.

वर्षाराणीनं फोन घेतला, बापाशी दोन वाक्यं बोलली आणि ठेवला.  त्या दिवसानंतर तिनं पुन्हा कधी फोन लावून दिला नाही, आणि काम करताना सासूकडं बघणंही बंद झालं. नीलम्माला ते बघणं बरं होतं असं तेव्हा कळलं.

गौरीचा डावा मागचा सड आटून सुरकुतला. बाकीच्या तिघांचं दूध चांगलं येतं, बाईंनी थाळीत तपासून दिलं. तरी नीलम्मा तिची धार शेवटीच काढते, आणि ते दूध फडक्यातून गाळते. फडक्यात आता काही सापडत नाही. ती फडकं उजेडाला धरून बघते, उलटं करून परत बघते.

मार्गशीर्षात एका दुपारी उदगीरकडून फोन आला. पंचाक्षरीनं टेम्पो केला. पोचले तेव्हा बसवंतअप्पांना अंघोळ घालून भिंतीला टेकवून बसवलं होतं, कपाळाला भस्माचे तीन पट्टे, गळ्यात हार. हात मांडीवर ठेवलेले होते, पंजे वर. भजन चाललं होतं. वर्षाराणी बापाच्या पायाशी जाऊन बसली. बायका रडत होत्या. नीलम्मा दाराशीच उभी राहिली. कुणीतरी म्हणालं, "अक्का, या की पुढं, दर्शन घ्या." ती पुढं गेली. त्या हातांकडं तिनं बघितलं. बोटांच्या पेरांना धारा काढून काढून पडलेले घट्टे होते, अंगठा आतल्या बाजूला वळलेला. तिनं वाकून पायांना हात लावला.  शेजारी वर्षाराणीनं मान वर केली आणि सासूला बसायला जागा करून दिली.

चंद्री पंचमीनंतरच्या शनिवारी गेली. बसवंतअप्पा त्याच साली, चंपाषष्ठीच्या आदल्या दिवशी, रविवारी, ज्वारीला पाणी देता देता बांधावर टेकले ते गेले. त्यांना कुणी काही सांगितलं नव्हतं.